मदरबोर्ड गेला असे ठरवण्यापूर्वी आणि ठरवल्यानंतर

घरगुती संगणक चालू होईनासा झाला की त्याच्याविषयी सर्वांत सहज उच्चारला जाणारा निर्णय ‘मदरबोर्ड गेला’ हा असतो. हा निर्णय कधी खरा ठरतो. परंतु पुष्कळदा तो तपासणीच्या शेवटी यायला हवा असताना तपासणीच्या जागी येतो. मदरबोर्ड हा इतर सर्व भागांना जोडणारा भाग असल्यामुळे कोणत्याही भागाचा दोष त्याच्याच नावावर खपतो, आणि त्याला दोषी ठरवायचे तर आधी इतर साऱ्यांना निर्दोष ठरवावे लागते. शिवाय खरोखर बिघडलेला मदरबोर्डही क्वचितच एका झटक्यात संपूर्ण निकामी होतो. त्यावरील शेकडो घटकांपैकी एखादाच दगा देतो आणि बाकीचे पुढे कित्येक वर्षे चालण्याच्या स्थितीत असतात. अशा अर्धवट चालणाऱ्या बोर्डाकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते चुकूनही घेऊ नये, हा प्रश्न दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि दुरुस्तीच्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या गावांत तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो.

मुळशी तालुक्यातील पिरंगुट हे अशा गावांचे चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या चांदणी चौकातून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या एका अंगाला कारखान्यांची वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला लवळ्याच्या डोंगरावरील विद्यापीठे आहेत आणि मधल्या पट्ट्यात जुन्या वाड्या व नवी गृहसंकुले शेजारी शेजारी उभी आहेत. महाराष्ट्रातील निमशहरी घरांत संगणक पोहोचवण्यात २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा मोठा हात होता, आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्यावर माळ्यावर टाकलेले जुने संगणकही पुन्हा खाली उतरवावे लागले. अशा घरातला संगणक बंद पडला, तर त्याचे सुटे भाग मिळण्याची हक्काची जागा म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. कॅबिनेट दुचाकीवर मांडीत धरून तेथवर नेण्याआधी घरच्या टेबलावर किती निदान होऊ शकते, हे माहीत असलेले बरे.

निदानाचा पाया म्हणजे संगणक सुरू होण्याची साखळी समजून घेणे. संगणकाला वीज देणाऱ्या पेटीला बाजारात एसएमपीएस म्हणतात. ती घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे स्थिर विद्युतदाब तयार करते. भिंतीवरचे बटण दाबताच, म्हणजे संगणक चालू करण्यापूर्वीच, एसएमपीएसच्या जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा राखीव पुरवठा सुरू होतो आणि त्यावर मदरबोर्डचा एक छोटा भाग जागा राहतो. कॅबिनेटवरचे बटण दाबले की हा भाग हिरवी तार जमिनीशी, म्हणजे शून्य व्होल्टच्या काळ्या तारेशी, जोडतो. त्या इशाऱ्यावर एसएमपीएस इतर सर्व पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिर झाल्याची खात्री पटल्यावर, अर्ध्या सेकंदाच्या आत, करड्या तारेवर ‘वीज ठीक आहे’ असा संकेत परत पाठवतो. दरम्यान मदरबोर्डवरची नियंत्रक मंडले १२ व्होल्टपासून प्रोसेसरला लागणारा साधारण एक व्होल्टचा दाब तयार करतात, प्रोसेसर बायोस नावाच्या चिपमधून पहिली आज्ञा उचलतो आणि मग रॅम, पडदा, कळफलक यांची स्वतःच तपासणी करू लागतो. या स्वयंतपासणीला पोस्ट म्हणतात. या साखळीतला विजेचा भाग १९९५ साली इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या रचनेतून आला असून आजही बहुतेक डेस्कटॉप त्याच रचनेवर चालतात. साखळी नेमकी कोणत्या कडीवर थांबते ते शोधणे म्हणजेच निदान. बाकी सारे अंदाज.

मदरबोर्ड बिघडण्याची कारणे जितकी बोर्डात तितकीच परिसरात असतात. बोर्डावर उभे दिसणारे छोटे दंडगोल म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मराठीत धारित्र. त्यांत एक द्राव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. या घटकांच्या बाबतीत तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाले तर आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. त्यामुळे भिंतीला चिकटवून, कापडाने झाकून ठेवलेला संगणक मोकळ्या हवेतल्या संगणकापेक्षा लवकर म्हातारा होतो. साधारण १९९९ ते २००७ या काळात तर सदोष द्रावाचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत बसवले गेले. त्यांच्यात हायड्रोजन वायू साचून माथे फुगत आणि फुटत. डेल कंपनीने आपल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांतील या दोषापोटी २००५ साली सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. एमएस-सीआयटीच्या पहिल्या काळात घेतलेले संगणक नेमके याच कालखंडातले आहेत, त्यामुळे माळ्यावरच्या जुन्या बोर्डाचे निदान काही वेळा नुसत्या बॅटरीच्या उजेडात होऊन जाते: कपॅसिटरच्या माथ्यावर खोबणीची फुली असते, तो माथा सपाट असावा, तो घुमटासारखा वर आला असेल किंवा फुलीतून तपकिरी खरपुडी बाहेर आली असेल, तर गुन्हेगार सापडला. नव्या बोर्डांवर मात्र घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. ते सहसा फुगत नाहीत, त्यामुळे नव्या बोर्डाकडे पाहून ‘सगळे ठीक दिसते’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नसतो.

दुसरे कारण पावसाळ्याचे. ताम्हिणी हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून तेथून पूर्वेला पुण्याकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होत जातो. पिरंगुट या उतरंडीवर असल्यामुळे तेथील हवा जून ते सप्टेंबर या महिन्यांत ओलसर राहते. नुसत्या दमट हवेने बोर्ड बिघडत नाही. पण त्यावर साचलेली धूळ ओल शोषते, धुळीतले क्षार विरघळतात आणि एकमेकांपासून केसभर अंतरावर असलेल्या तांब्याच्या रेघांमध्ये वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. त्यातून गंज चढतो, कधी धातूचे सूक्ष्म तंतू वाढून दोन रेघा जोडल्या जातात. रोज चालणारा संगणक स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. उलट चार महिने बंद ठेवलेला संगणक दिवाळीच्या सुट्टीत चालू होत नाही. ‘वापरलाच नाही तर बिघडेल कसा’ हा घरोघरी ऐकू येणारा तर्क म्हणूनच उलटा आहे. यात मुंग्या आणि पाली यांचीही भर पडते. उबेसाठी एसएमपीएसच्या जाळीतून शिरलेली पाल उघड्या जोडांवर पडली, तर तिच्यासकट एसएमपीएस आणि कधी बोर्डही जातो.

तिसरे कारण विजेचे. वळवाच्या पावसातल्या विजा आणि तारांवर फांदी पडून होणारे बिघाड यांमुळे वाहिनीवर क्षणभर दाबाची उसळी येते. तिचा मारा विजेच्या तारेतूनच होतो असे नाही, तर घराबाहेरून आलेल्या तांब्याच्या इंटरनेट केबलमधूनही होतो आणि मग बाकी सर्व ठीक असताना फक्त नेटवर्कचा पोर्ट निकामी होतो. त्याहून घातक प्रकार न्यूट्रल तुटण्याचा: तीन फेजच्या वाहिनीतला सामाईक न्यूट्रल सुटला, तर काही घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ जाणारा दाब पोहोचू शकतो. अर्थिंगविषयी तर फारच बेफिकिरी दिसते. संगणकाच्या कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्याचे कारण बहुधा मदरबोर्ड नसते. एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटशी जोडतात, आणि अर्थिंगची तार नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा विद्युतदाब येऊन थांबतो. प्रवाह अगदी क्षीण असल्यामुळे तो सहसा इजा करत नाही, पण झटका बसलेल्या माणसाने संगणक दुरुस्तीला नेण्याऐवजी घरातली अर्थिंग तपासून घेतलेली बरी. थ्री-पिनचा मधला जाड पाय कापून टू-पिनच्या बोर्डात बसवण्याची युक्ती अनेक घरांत दिसते. तिच्यामुळे स्पाइक गार्डही बऱ्याच अंशी निरुपयोगी होतो, कारण उसळी वळवायला त्याला अर्थिंगची वाट उरत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. तिची सुरुवात संगणकाबाहेर व्हावी, हे सांगण्याची गरज भासू नये. तरीही मॉनिटरची केबल सैल असणे, ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना केबल मदरबोर्डच्याच पोर्टला जोडलेली असणे, किंवा जुन्या एसएमपीएसच्या पाठीवरचा लाल खटका चुकून ११५ व्होल्टवर सरकलेला असणे, अशा कारणांचा वाटा पुष्कळ असतो. यांपैकी शेवटचे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ११५ वर ठेवलेला एसएमपीएस आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावला, की आवाजासह उडतो.

संगणकात काहीच हालचाल नसेल, पंखाही फिरत नसेल, तर आधी कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्यावा. बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डच्या कडेला ज्या दोन पिनांवर बसतात त्या काढून, त्या पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर लावले आणि संगणक सुरू झाला, तर दोष काही रुपयांच्या बटणात आहे. तरीही सुरू न झाल्यास एसएमपीएसची पाळी. त्याचा चोवीस पिनांचा जोड बोर्डातून काढून हिरवी आणि कोणतीही एक काळी तार यांच्या खाचा तारेच्या तुकड्याने जोडल्या, तर चांगला एसएमपीएस सुरू होऊन त्याचा पंखा फिरू लागतो. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निर्दोष असे नव्हे, आणि येथेच घरगुती तपासणी फसते. भार नसताना बरोबर दाब देणारा एसएमपीएस भार पडताच मान टाकू शकतो. म्हणून जोड पुन्हा बोर्डात बसवून, संगणक चालू असताना, मल्टिमीटरची टोके जोडाच्या मागच्या बाजूने आत सरकवून मोजमाप घ्यावे. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मानकाची मर्यादा आहे. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये; तिच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

एसएमपीएसच्या म्हातारपणाचे एक लक्षण विशेष फसवे असते. लाईट गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर संगणक चालवत ठेवायचा असतो. नवा एसएमपीएस पूर्ण भार असतानाही साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेच्या एका आवर्तनापेक्षा थोडा कमी वेळ. कपॅसिटर सुकले की हा वेळ घटतो आणि यूपीएस उत्तम स्थितीत असूनही लाईट जाताच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग आधी यूपीएसची बॅटरी बदलली जाते, नंतर यूपीएस बदलला जातो आणि शेवटी ‘बोर्डातच प्रॉब्लेम आहे’ या निष्कर्षावर सर्वांचे एकमत होते. दोषी एसएमपीएस तसाच राहतो.

पंखे फिरतात पण पडदा काळाच, हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्यात पहिला संशय रॅमवर घ्यावा लागतो. विजेची तार काढून, रॅमच्या पट्ट्या बाहेर काढून त्यांच्या कडेचे सोनेरी दाते पेन्सिलच्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसणे हा दुरुस्ती करणाऱ्यांचा जुना उपाय पावसाळ्यानंतर तर हमखास लागू पडतो. मात्र रबराचा भुगा खाचेत जाऊ देऊ नये, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळत असेल तर ते अधिक चांगले. नंतर एकच पट्टी एकेका खाचेत बसवून पाहावी. दोन्ही पट्ट्या एका खाचेत चालत असतील आणि दुसरीत चालत नसतील, तर दोष बोर्डाचा, पण फक्त त्या खाचेपुरता. त्यानंतर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल पाहावा. सीआर २०३२ या क्रमांकाचा हा ३ व्होल्टचा लिथियम सेल घड्याळ आणि बायोसमधल्या नोंदी जिवंत ठेवतो. तो उतरला की तारीख मागे जाते, सुरू होताना संगणक एखादी कळ दाबायला सांगून अडून बसतो आणि काही बोर्ड तर सुरूच होत नाहीत. तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत आणि घरातले लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

तरीही पडदा काळाच राहिला, तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून लाकडी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवावा आणि त्यावर केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवून सुरू करावा. कॅबिनेटमध्ये चुकीच्या जागी राहिलेला पितळी आधारस्तंभ किंवा निसटलेला स्क्रू बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत असेल, तर हा प्रयोग ते उघड करतो. छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बायोस ‘बीप’च्या भाषेत बोलतो: रॅम काढून टाकली असताना बीप वाजत राहिले, तर प्रोसेसर, बायोस आणि त्यांची वीज हे तिन्ही काम करत आहेत असा त्याचा अर्थ होतो, संपूर्ण शांतता असेल तर साखळी त्याआधीच तुटली आहे. बटण दाबताच पंखा क्षणभर हलून थांबत असेल, तर बहुधा कोठेतरी शॉर्ट असून एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. अशा वेळी वीज काढून प्रोसेसरजवळच्या चार किंवा आठ पिनांच्या जोडावर पिवळ्या आणि काळ्या तारेच्या जागांमधला रोध बोर्डाच्या बाजूने मोजावा. तो शून्याजवळ असेल, तर प्रोसेसरला वीज देणारा एखादा मॉस्फेट, म्हणजे विजेचा जलद खटका असलेला ट्रान्झिस्टर, आरपार जळला आहे. येथे ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य प्रथमच पुराव्यानिशी म्हणता येते. अशा बोर्डावर चांगला प्रोसेसर बसवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण जळालेला मॉस्फेट १२ व्होल्ट थेट एक व्होल्टच्या प्रोसेसरवर सोडू शकतो. शंकास्पद भाग चांगल्या यंत्रात आणि चांगला भाग शंकास्पद यंत्रात बसवण्यात सारखाच धोका आहे.

संगणक सुरू होतो पण मध्येच अडकतो, या प्रकारात आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्यातही तो अडकला तर दोष विंडोजचा नाही. मेमटेस्ट ८६+ हा मोफत प्रोग्रॅम रॅमची रात्रभर परीक्षा घेतो. दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडणाऱ्या संगणकात पंख्याखालची उष्णतावाहक पेस्ट बहुधा सुकलेली असते, आणि ती बदलायला बोर्डाला दोष देण्याची आवश्यकता नाही.

निदान काहीही निघो, हार्ड डिस्कवरची माहिती सर्वांत आधी बाहेर काढायला हवी. दुरुस्तीनंतर काढू म्हणून ते काम लांबणीवर टाकणे हा सर्वांत महाग पडणारा आळस आहे. मदरबोर्ड बंद असला तरी डिस्क सहसा शाबूत असते, आणि साटा ते यूएसबी या स्वस्त जोडणीने ती दुसऱ्या संगणकाला लावून छायाचित्रे, सातबाराच्या प्रती, दुकानाचे हिशेब उतरवून घेता येतात. येथे नव्या संगणकांनी एक पेच निर्माण केला आहे. विंडोज ११ चालणाऱ्या बऱ्याच यंत्रांत डिस्कवरची माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षा घटकात असते. बोर्ड बदलला की डिस्क ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते, पण ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर माहिती डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही. संगणक चालू आहे तोवरच ही किल्ली कागदावर उतरवून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

यापुढचा प्रश्न खर्चाचा. फुगलेले कपॅसिटर बदलणे हे डाख देण्याचा सराव असलेल्या कारागिराचे तासाभराचे काम आहे. बिघडलेली बायोस चिप काही शे रुपयांच्या प्रोग्रॅमरने पुन्हा लिहिता येते. चिपसेटखालचे डाखाचे सूक्ष्म ठिपके सुटले असतील, तर मात्र गरम हवेच्या यंत्राने केलेली दुरुस्ती अनेकदा काही महिनेच टिकते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर बंधन आणल्यानंतर उद्योगाने स्वीकारलेला बिनशिशाचा डाख अधिक कडक असल्यामुळे हा दोष त्यानंतरच्या काळात वाढला, असे जाणकारांचे मत आहे. बोर्ड स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त करण्याचे व्हिडिओ पाहायला मिळतात. ज्या ओव्हनमध्ये पुढे अन्न शिजणार आहे त्यात जुन्या डाखाचे शिसे आणि प्लास्टिकचा धूर सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. बोर्ड बदलायचाच, तर जुन्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड पाहावा लागतो. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी एच-६१ चिपसेटचे नव्याने बांधलेले बोर्ड भारतीय बाजारात मूळ बोर्ड बंद होऊन कित्येक वर्षे झाली तरी मिळत राहिले, आणि त्यांनी असंख्य संगणक वाचवले. संगणकासोबतच विकत मिळालेला विंडोजचा ओईएम परवाना मूळ मदरबोर्डशी बांधलेला असतो, ही गोष्ट मात्र विक्रेता सहसा सांगत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अशा जुन्या यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा लुबुंटू बसवणे हाच बहुतेकदा सरळ मार्ग उरतो. मराठीतली टंकलेखनाची इन्स्क्रिप्ट रचना त्यांत सुरुवातीपासूनच मिळते.

आता अर्धवट चालणाऱ्या बोर्डाविषयी. नेटवर्कचा पोर्ट विजेने गेला असेल तर यूएसबीचा नेटवर्क अडॅप्टर लावावा. रॅमची एक खाच गेली असेल तर दुसऱ्या खाचेत मोठी पट्टी बसवावी. ग्राफिक्स कार्डाची खाच गेली असेल तर प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर भागवावे. आणि निकामी घटक बायोसमधून बंद करून टाकावा, म्हणजे सुरू होताना त्याच्यापायी खोळंबा होत नाही. एवढे केल्यावर संगणक चालतो, पण त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा हे वेगळेच. कडेलोट होऊन बंद पडणारा बोर्ड त्यामानाने प्रामाणिक म्हणायचा. रॅमकडून आलेली एखादी बिट बदलून तीच चूक गुपचूप डिस्कवर लिहिणारा बोर्ड अधिक धोकादायक, कारण फाइल उघडेपर्यंत नुकसान कळत नाही आणि तोवर तीच बिघडलेली प्रत राखीव साठ्यातही गेलेली असते. म्हणून जुन्या संगणकाचा घरगुती फाइल-साठा बनवण्याचा लोकप्रिय सल्ला बिघडत चाललेल्या मदरबोर्डच्या बाबतीत चुकीचा आहे. ज्याच्या बंद पडण्याने कोणाची एकमेव प्रत नष्ट होणार नाही, असेच काम त्याला द्यावे.

असे एक काम शाळेचे. किविक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये मराठी विकिपीडिया संपूर्ण उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो, आणि सोबत बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात ठेवता येतात. संगणक साध्या वायफाय राउटरला जोडला की वर्गातल्या टॅबवर हे सारे उघडते. मुळशीच्या पश्चिम भागातल्या डोंगरकुशीतल्या शाळांत, जेथे मोबाइलची रेंज येते-जाते, तेथे अशा यंत्राचा उपयोग शहरातल्या शाळेपेक्षा जास्त आहे. बोर्ड एके दिवशी कायमचा थांबला तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावायची, एवढेच. मात्र हे यंत्र शाळेच्या वेळेतच चालवावे. जुना डेस्कटॉप समजा ६० वॅट खात असेल, तर चोवीस तास चालवल्यास तो महिन्याला सुमारे ४३ युनिट जाळतो. हेच काम ५ वॅटचा रास्पबेरी पाय ४ युनिटांहून कमी विजेत करतो. फुकट मिळालेला संगणक फुकट चालत नाही, आणि सतत सुरू ठेवायचे कोणतेही काम जुन्या यंत्राला देताना हा हिशेब करणे आवश्यक आहे.

संपूर्ण निकामी बोर्डाचाही शेवट भंगारातच व्हावा असे नाही. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना डाख काढण्या-लावण्याचा सराव करायला असेच बोर्ड हवे असतात. मॉनिटर रास्पबेरी पायला किंवा सेट-टॉप बॉक्सला जोडता येतो, एसएसडी यूएसबी आवरणात घालून वापरता येते, आणि तपासून चांगला ठरलेला एसएमपीएस १२ व्होल्टचे एलईडी दिवे किंवा छोटे पंप चालवतो, मात्र हिरवी तार काळीला कायमची जोडून आणि जुन्या नमुन्यांत ५ व्होल्टच्या बाजूलाही थोडा भार ठेवून. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या पोर्टलमुळे काही कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणी मिळू लागली आहे, पण त्यात मंडलांचे नकाशे क्वचितच असतात आणि कारागिराला नेमके तेच हवे असतात.

उरलेल्या भागांची विल्हेवाट लावताना गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याचा मार्ग सोपा वाटतो, कारण तो वजनावर पैसे देतो. पुढे मात्र हे बोर्ड अनेकदा आम्लात बुडवून त्यांतले तांबे आणि सोने काढले जाते, आणि उरलेले आम्ल व शिसे नाल्यात जाते. २००६ पूर्वीच्या बोर्डांवरील डाखात तर शिशाचे प्रमाण साधारण ३७ टक्के असे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांनाच हे काम करता येते. पुणे शहरात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते, परंतु पिरंगुट महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे तेथील रहिवाशांना बहुधा स्वतःच शहरातल्या संकलन केंद्रापर्यंत जावे लागते. चार-पाच घरांनी, किंवा एखाद्या गृहसंकुलाने, वर्षभराचा ई-कचरा एकत्र करून नेला तर ती फेरी परवडते. नेण्याआधी हार्ड डिस्क आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून वेगळे ठेवावेत. डिस्क नुसती फॉरमॅट केली तर तिच्यावरची माहिती परत मिळवता येते, म्हणून ती पूर्ण पुसावी किंवा तिच्या तबकड्यांतून ड्रिलने छिद्रे पाडावीत. आणि सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे पिशवीतल्या इतर धातूंशी तो शॉर्ट होत नाही, आणि लहान मुले असलेल्या घरात तर तो टेबलावर उघडा सोडूच नये, कारण गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत गंभीर जखम करू शकतो.